डोंगरातील चार दिवसांची फेरी : आराखडा शेवटच्या उतारापासून आखावा

हिवाळ्यातील कोणत्याही शनिवारी पहाटे ठाणे स्टेशनच्या फलाटावर कसारा लोकलची वाट पाहणाऱ्यांमध्ये पाठीवर सॅक असलेले दहा-वीस जण हमखास दिसतात. त्यांतील बहुतेक जण एखादा गड चढून, आल्या वाटेनेच उतरून, रात्री घरी परततात. अशा एका दिवसाच्या चढाईत एक मोठी सोय असते आणि ती असते तोवर तिची किंमत जाणवत नाही : परतीची वाट आपण काही तासांपूर्वीच पाहिलेली असते. कुठे निसरडे आहे, कुठे पाणी आहे, कोणत्या फाट्यावर डावीकडे वळायचे, हे सारे पायांना ठाऊक असते. तीन-चार दिवसांच्या फेरीत, म्हणजे एका घाटवाटेने माथ्यावर चढून, वर दोन-तीन मुक्काम करत पुढे सरकून, निराळ्याच वाटेने मूळ गावी उतरण्याच्या बेतात, ही सोय राहत नाही. पाय सर्वांत थकलेले असतात, खाऊ संपत आलेला असतो, घरची ओढ लागलेली असते आणि नेमका त्याच वेळी कधीही न पाहिलेला उतार समोर येतो. म्हणूनच अशा फेरीचा आराखडा पहिल्या दिवसापासून न आखता शेवटच्या उतारापासून मागे मागे आखत यावा, असे माझे पक्के मत झाले आहे. हा लेख त्याच पद्धतीविषयी आहे.

उदाहरणासाठी ठाणेकरांना जवळची अशी एक फेरी घेऊ. आसनगावला लोकलमधून उतरून शहापूर-डोळखांब मार्गे डेहणे गाठता येते. हे शहापूर तालुक्यातील, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. त्याच्या डोक्यावर आजोबा डोंगराचा प्रचंड कडा उभा आहे. येथून घाटमाथ्यावर जाणाऱ्या अनेक जुन्या वाटा आहेत. त्यांतील गुयरीचे दार ही नाळेची, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीची, वाट कुमशेतला नेते आणि करोली घाट साम्रदला. या दोन गावांच्या मध्ये कात्राबाईची खिंड, रतनवाडी आणि 1297 मीटर उंचीचा रतनगड आहे. एका घाटाने चढावे, वर तीन रात्री काढाव्यात, दुसऱ्या घाटाने उतरावे आणि पुन्हा डेहण्यात यावे, अशी ही फेरी आहे. घाटमाथ्यावरचा हा सारा मुलूख अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येतो आणि त्याचा मोठा भाग 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो.

कोणत्या दिशेने फिरावे

फेरी घड्याळाच्या दिशेने करावी की उलट, हा प्रश्न किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात निम्मा आराखडा याच प्रश्नात सामावलेला असतो. चढणे आणि उतरणे यांत केवळ दमाचा फरक नाही. चढताना हात ठेवण्याची खोबण डोळ्यांसमोर असते, पुढचे पाऊल दिसते आणि एखादा कातळटप्पा जमणार नाही असे वाटले तर मागे फिरण्याची वाट नुकतीच पाहिलेली असते. उतरताना पाऊल टाकायची जागा पोटाखाली दडते, पाठीवरचे वजन पुढे ढकलते आणि नाळेच्या तोंडावरून खालची वाट दिसतच नाही. म्हणून दोन वाटांपैकी अवघड, अरुंद किंवा कमी वापरातील वाट चढायला घ्यावी आणि मळलेली वाट उतरायला ठेवावी. आपल्या उदाहरणात गुयरीच्या दाराने चढावे आणि तुलनेने अधिक वापरातील करोली घाटाने उतरावे, असा निर्णय यातूनच निघतो.

दिशा ठरवण्याला सूर्याचाही आधार असतो. कोकणातून वर जाणाऱ्या वाटा पश्चिमेकडे तोंड करून असतात. पूर्वेला कडा उभा असल्यामुळे सकाळी या उतारांवर बराच वेळ सावली राहते आणि दुपारनंतर तेच कातळ तव्यासारखे तापतात. चढाई सकाळी लवकर सुरू केली तर पाण्याची लक्षणीय बचत होते. उतरणेही शक्यतो सकाळीच आटोपावे. संध्याकाळचे ऊन समोरून डोळ्यांवर येते आणि सूर्य बुडाल्यावर नाळेत अंधार अपेक्षेपेक्षा लवकर दाटतो. म्हणून शेवटचा मुक्काम उताराच्या तोंडाशी, म्हणजे साम्रदला असावा. चौथ्या दिवशी सकाळी ताज्या पायांनी आणि पुरेसा दिवस हाताशी ठेवून करोली घाट उतरावा. हा मुक्काम पक्का झाला की त्याच्या आदला मुक्काम रतनवाडीत आणि पहिला कुमशेतला, असे दिवस आपोआप मागे मागे बसत जातात.

गडावरच मुक्काम करण्याचा मोह अनेकांना होतो. रतनगडाच्या माथ्यावरचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले ते मोठे भोक, पहाटे पाहण्यासारखे असते, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही अभयारण्यातील गडावर मुक्काम करण्याविषयी वनविभागाचे त्या वेळचे नियम काय आहेत, हे आधी विचारूनच ठरवावे आणि आराखडा गावातील मुक्कामावर बेतावा. गावात पाणी असते, जेवण मिळते, सडक असते. शिवाय रतनवाडीत मुक्काम केला तर अमृतेश्वराचे मंदिर निवांत पाहता येते. परंपरेने हे मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील झंझ राजाशी जोडले जाते. श्रीस्थानक, म्हणजे आपले ठाणे, याच घराण्याच्या सत्तेचे केंद्र होते. तलावपाळीच्या काठी वाढलेल्या माणसाला प्रवरेच्या उगमाजवळच्या त्या कोरीव खांबांपुढे उभे राहिल्यावर आपल्याच गावचे कोणी भेटल्यासारखे वाटते.

नकाशा, दोरा आणि घड्याळ

दिवसाचा पल्ला ठरवण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा उत्तम. या नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 1 किलोमीटर. नकाशावरील तपकिरी वेड्यावाकड्या रेषा म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरील सर्व ठिकाणे एकाच उंचीवर असतात. रेषा विरळ असतील तर पठार, दाट असतील तर चढ आणि एकमेकींना चिकटल्या असतील तर कडा. दोन रेषांमधील उंचीचा फरक साधारणपणे 20 मीटर असतो आणि येथेच एक सापळा आहे. पंधरा मीटरचा सरळसोट कातळ दोन रेषांच्या मध्ये पूर्णपणे लपू शकतो. नकाशावर नाळ सुरळीत खाली जाताना दिसते आणि प्रत्यक्षात मधेच पाच मजली इमारतीएवढा टप्पा निघतो. त्यामुळे वाट कोठून जात असावी याचा अंदाज नकाशा देतो. ती आज चालण्याजोगी आहे की नाही, हे नकाशा सांगू शकत नाही.

अंतर मोजायला शिवणकामाचा दोरा पुरतो. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवून, ओला केलेला पांढरा दोरा वाटेच्या प्रत्येक वळणावर बोटाने दाबत नेला जातो. ओला दोरा कागदाला चिकटतो आणि वळण सोडत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी दोऱ्यावर पेनाची खूण करायची, मग तो सरळ करून पट्टीवर धरायचा. एका दिवसाचा दोरा 22 सेंटिमीटर भरला असे समजू. म्हणजे कागदावरचे अंतर 11 किलोमीटर. आता त्याच वाटेने ओलांडलेल्या समोच्च रेषा मोजून चढाची बेरीज करायची. ती 600 मीटर आली असे धरू.

चालण्याच्या वेळेसाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 साली एक सोपा नियम सुचवला होता. आजच्या मापात तो असा : सपाटीवर ताशी सुमारे 5 किलोमीटर आणि प्रत्येक 600 मीटर चढासाठी एक तास अधिक. या हिशेबाने वरचा दिवस सव्वातीन तासांत संपायला हवा. पाठीवर बारा किलो घेतलेल्या ठाणेकराचा तो सव्वातीन तासांत संपत नाही. कारवीच्या जंगलातून, मुरमाड घसाऱ्यावरून आणि ढोरवाटांच्या जाळ्यातून चालताना मी निराळा हिशेब धरते. दोऱ्याला न सापडलेल्या वळणांसाठी अंतरात एक चतुर्थांश भर घालायची, म्हणजे 11 चे सुमारे 14 किलोमीटर होतात. वेग ताशी 3 किलोमीटर, म्हणून 4 तास 40 मिनिटे. चढ तासाला 300 मीटर, म्हणून आणखी 2 तास. थांबे आणि जेवण मिळून पावणेदोन तास. एकूण सुमारे साडेआठ तास.

हा आकडा दिवसाच्या उजेडाशी ताडून पाहावा लागतो. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे दिवस सुमारे 11 तासांचा असतो आणि सूर्य मावळल्यावर संधिप्रकाश अर्धा तासही टिकत नाही. त्यातील दोन तास वाट चुकण्यासाठी, मुरगळलेल्या पायासाठी किंवा चुकलेल्या अंदाजासाठी राखून ठेवायचे. उरतात नऊ तास. साडेआठ तासांचा दिवस त्यात जेमतेम बसतो; दहा तासांचा आला असता तर मुक्काम बदलावा लागला असता. हे दोन तास राखीवच ठेवायचे असतात, ते आराखड्यात कधीही खर्ची घालू नयेत. गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीचा वेग हाच गटाचा वेग धरावा, आणि तो आधी येऊरच्या चढावर किंवा नवी मुंबईकरांनी पारसिक टेकडीवर भरलेली सॅक पाठीवर घेऊन प्रत्यक्ष मोजावा. घरी अंदाजाने धरलेला वेग बहुधा खराच ठरत नाही.

मोबाइलवर आधी उतरवून घेतलेला नकाशा जवळ असावाच. उपग्रहावरून ठिकाण कळण्यासाठी मोबाइलला नेटवर्क लागत नाही. विमान मोडमध्येही ते चालते आणि बॅटरी वाचते. मात्र उंच कड्यांच्या मधल्या अरुंद घळीत उपग्रहांचे संदेश कातळांवर आपटून उशिरा पोहोचतात आणि पडद्यावरचा ठिपका कधी कधी भलत्याच ठिकाणी उडी मारतो. जेथे चूक महागात पडते तेथेच हे साधन डळमळते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागदी नकाशा आणि होकायंत्र दोघांजवळ तरी असावे.

पाणी

या विषयावर मी सर्वाधिक लिहिणार आहे, कारण सह्याद्रीत फेरी फसते ती बहुतेक वेळा पाण्यापायी.

आधी पाणी डोंगरात कोठे असते ते समजून घ्यावे लागते. सह्याद्रीचा हा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. सर्व थर सारखे कठीण नाहीत. कठीण थरांचे उभे कडे झाले आणि मऊ, सच्छिद्र थर झिजून त्यांच्या पायथ्याशी आडव्या पायऱ्या झाल्या. त्यांना आपण पदर म्हणतो. पावसाचे पाणी भेगांतून आणि सच्छिद्र थरातून खाली झिरपते, खालच्या घट्ट थरापाशी अडते आणि दोन थरांच्या सांध्यावर बाहेर पडते. म्हणूनच झरे डोंगरात कोठेही नसून ठरावीक उंचीवर, बहुधा कड्याच्या पायाशी आणि पदराच्या आतल्या कडेला सापडतात. जुन्या वाटाही याच पदरांवरून आडव्या जातात आणि भेगांच्या रेषेत झिजलेल्या नाळेतून वरच्या पदरावर चढतात. एवढे कळले तरी नकाशा निराळा दिसू लागतो. गडांवरची कातळात खोदलेली टाकी ही दुसरी सोय. परंतु ती पावसाच्या पाण्यावर भरतात आणि काही टाक्यांतील पाणी पिण्याजोगे राहत नाही.

प्रत्येक पाणवठ्याच्या नोंदीपुढे दोन गोष्टी लिहिण्याची सवय ठेवावी : ही माहिती कोणी दिली आणि त्या व्यक्तीने तेथे पाणी कोणत्या महिन्यात पाहिले. नोव्हेंबरात वाहणारा ओढा फेब्रुवारीत दगडांची रांग झालेला असतो. या धड्यासाठी मी चांगलीच किंमत मोजली आहे. एका फेब्रुवारीत आम्ही पाच जण अशाच एका फेरीवर होतो आणि दुपारचे पाणी एका टाक्यावर भरायचे असा बेत होता. माहिती खरी होती, मात्र ती डिसेंबरमधली होती. टाक्याच्या तळाशी हिरवट चिखल आणि त्यात मधमाश्या बसलेल्या, एवढेच शिल्लक होते. पाच जणांत मिळून दीड लिटर पाणी उरले होते आणि पुढचे गाव चार तासांवर होते. आम्ही झाडाखाली साडेतीन वाजेपर्यंत थांबलो, बाटलीच्या झाकणाने पाणी वाटून घेतले आणि ऊन कलल्यावर निघालो. गावात पोहोचलो तेव्हा आमच्यातील एकाला उलट्या सुरू झाल्या होत्या आणि अंगणात बसलेल्या मावशींनी काही न विचारता आधी हंडाच पुढे ठेवला. त्या झाकणाची, त्यात मावणाऱ्या जेमतेम दोन घोटांची, मला आजही आठवण होते.

तेव्हापासून पाण्याचा नियम असा केला : पुढचा पाणवठा कोरडा निघाला तरी त्याच्या पुढच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचता येईल इतके पाणी प्रत्येकाच्या पाठीवर असलेच पाहिजे. हिवाळ्यात चालण्याच्या दिवसाला माणशी 3 ते 4 लिटर पाणी लागते. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे तीन लिटर घेऊन निघणे जड वाटते. सकाळी पाणी भरतानाच मनसोक्त पिऊन निघाले तर त्यातील अर्धा लिटर पोटातून जातो आणि तो खांद्यांना जाणवत नाही. डोंगरातले पाणी फडक्याने गाळून नंतर एक मिनिट खळखळून उकळावे. आपल्या डोंगरांच्या उंचीला तेवढे पुरते. क्लोरीनची गोळी टाकली तर पाकिटावर लिहिलेला वेळ, साधारण अर्धा तास, थांबलेच पाहिजे. गढूळ पाण्यात ही गोळी नीट काम करत नाही, म्हणून गाळणे आधी. माणशी ओआरएसची दोन-तीन पाकिटे सोबत असावीत आणि एक पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळावे.

महिना, वजन, खाणे

पावसाळ्यात नाळेच्या वाटा मुळीच घेऊ नयेत. त्या काळात त्या वाटा राहत नाहीत, धबधबे आणि दरडींचे मार्ग होतात. ऑक्टोबरात पाणी भरपूर असते, पण कमरेएवढे गवत वाट गिळून टाकते आणि उकाडाही असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा झोपण्याची पिशवी किंवा दोन घोंगड्या आणि कानटोपी हवीच. फेब्रुवारीपासून पाणी आटते आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात.

सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत ठेवावे. निघण्याच्या दोन रात्री आधी सर्व सामान चादरीवर मांडून, एकेक वस्तू स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून वहीत लिहावी. हे थोडे वेडेपणाचे वाटले तरी याचा उपयोग मोठा आहे. जाड टॉवेल, अर्धा किलोचा पाणी न घेणारा डबा, तीन जणांनी आणलेले तीन चाकू, हे सारे काट्यावर आले की आपोआप घरी राहते. विजेरी मात्र प्रत्येकाची स्वतंत्र आणि डोक्याला बांधायची असावी, कारण उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात.

खाण्याचे पदार्थ निवडताना वजनाला किती ऊर्जा मिळते ते पाहावे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात आणि तेवढ्याच पिष्टमय पदार्थातून 4. शेंगदाणे आणि गूळ ही आपल्या आजीची जोडी म्हणूनच अजून हरलेली नाही : शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी असतात. तिळाच्या वड्या, दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या, कोरडी लसणाची चटणी, मेतकूट आणि चिवडा चार दिवस उत्तम टिकतात. स्वयंपाकाविषयी एक सूचना आवश्यक आहे. रेल्वेतून ज्वलनशील पदार्थ नेण्यास मनाई आहे आणि लोकलच्या गर्दीत गॅसचे डबे नेणे खरोखरच धोक्याचे आहे. अभयारण्यात आग लावणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. म्हणून रात्रीचे गरम जेवण गावातील घरी सांगून ठेवावे आणि दिवसाचे खाणे कोरडे असावे. जेवणाचे पैसे आधी विचारून, न घासाघीस करता द्यावेत.

गावात काय विचारावे

कुमशेत, रतनवाडी, साम्रद या गावांतील महादेव कोळी आणि ठाकर वस्तीला या वाटांची जी माहिती आहे, तिला कोणताही नकाशा पुरा पडत नाही. परंतु प्रश्न नीट विचारावा लागतो. “मामा, खाली उतरायची वाट आहे ना?” असे विचारले की उत्तर बहुधा “हाये की” असेच येते. वाट असतेच, ती आपल्यासाठी आहे का, हे आपण विचारलेलेच नसते. एकदा अशाच एका अंगणात मी प्रश्न बदलून विचारला, “मामा, तुम्ही स्वतः त्या वाटेने शेवटचे कधी गेलात?” त्यांनी तंबाखू मळणे थांबवले, क्षणभर कड्याकडे पाहिले आणि म्हणाले, “म्या? लई वर्सं झाली. औंदा पावसात दरड आली तिकडं, आता गुरं बी घालत न्हाई आमी.” त्या एका उत्तराने आमचा आराखडा बदलला आणि तो बदलला हे फार बरे झाले. गुरे जातात का, पावसाळ्यानंतर कोणी उतरले आहे का, मधे पाणी कोणत्या जागी आहे आणि ओझे घेतलेल्या बाईला किती वेळ लागतो, हे चार प्रश्न पुरेसे होतात. मिळालेल्या वेळेची आपल्यासाठी दुप्पट धरावी.

अनोळखी नाळेसाठी गावचा वाटाड्या घ्यावाच. वाटाड्या घेणे म्हणजे कमीपणा, असे मानणारे काही जण भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. दोन नाळांची तोंडे पदरावरून हुबेहूब सारखी दिसतात आणि त्यांतील एक कड्यावर जाऊन संपते. हा फरक ओळखणाऱ्या माणसाच्या एका दिवसाच्या मजुरीत बचत करण्याचे काहीही कारण नाही.

मागे फिरण्याच्या जागा

फेरीत मध्यबिंदूपाशी आले की मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब होते आणि मन नेहमी पुढे जाण्याच्या बाजूने कौल देते. म्हणून हे निर्णय घरी, पंख्याखाली बसून, शांतपणे घेऊन ठेवावेत आणि वेळेसह कागदावर लिहावेत. आपल्या फेरीत पहिल्या दिवशी दुपारी एकपर्यंत गुयरीच्या दाराच्या निम्म्यावर पोहोचलो नाही तर डेहण्यात परत. दुसऱ्या दिवशी बारापर्यंत कात्राबाईच्या खिंडीत नसलो तर कुमशेतला परत. तिसऱ्या दिवशी रतनगडाच्या शिड्यांच्या खाली दहापर्यंत पोहोचलो नाही, किंवा कड्याला लागलेली आग्या मोहोळे उठलेली दिसली, तर गड सोडून द्यायचा आणि रतनवाडीहून सडकेनेच साम्रद गाठायचे. या मोहोळांजवळ धूर, अत्तर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा.

या फेरीची एक मोठी जमेची बाजू अशी की तिन्ही मुक्काम सडकेवर आहेत. कुमशेतहून राजूरकडे, रतनवाडी आणि साम्रदहून भंडारदऱ्याजवळच्या शेंडीकडे वाहनाने जाता येते. म्हणजे आजारी माणसाला जास्तीत जास्त अर्ध्या दिवसाच्या चालीवर गाडी मिळू शकते. आराखड्यात प्रत्येक दिवसाच्या रेषेला अशी एक सुटकेची वाट जोडलेली असावी; जेथे ती जोडता येत नाही तो दिवस सर्वांत छोटा ठेवावा.

साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा, त्या व्यक्तीला चालवू नये आणि शक्य तितक्या लवकर प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालणारे एकत्रित प्रतिविष आपल्याकडे उपलब्ध आहे, त्यामुळे साप ओळखण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. तातडीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक आहेत, वनविभागाची मदतवाहिनी 1926 आहे. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचे बचाव समन्वय केंद्रही आहे. त्याचा क्रमांक निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आणि कागदावर असावा. दरीत संपर्क मिळत नाही, म्हणून दोघांना मदतीसाठी पाठवून निदान एक जण जखमी व्यक्तीपाशी थांबू शकेल, असा किमान चार जणांचा गट असावा.

हिमालयात हीच पद्धत लागू पडते. मात्र तेथे उंचीचा स्वतंत्र हिशेब जोडावा लागतो. 3000 मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज 500 मीटरहून अधिक उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा. तेथे दिवस पायांच्या ताकदीवर ठरत नाहीत, शरीर विरळ हवेला सरावण्याच्या वेगावर ठरतात.

सर्व ठरले की शेवटी एक कागद घरासाठी लिहायचा. आमच्याकडे तो फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलेला असतो. त्यावर सर्वांची नावे आणि रक्तगट, दिवसवार वाट, प्रत्येक मुक्कामाचे गाव, तेथील यजमानांचा क्रमांक, सुटकेच्या वाटा आणि सर्वांत खाली लाल शाईत एक वेळ : “चौथ्या दिवशी रात्री दहापर्यंत फोन आला नाही, तर या क्रमांकांवर कळवणे.” करोली घाट दुपारी दोनपर्यंत उतरून होईल असा अंदाज असला तरी वेळ दहाची लिहितो, कारण एसटी चुकू शकते आणि घरच्यांना उगाच काळजी नको. मात्र दहा म्हणजे दहा. डेहण्यात उतरल्यावर चहा सांगण्याच्याही आधी, संपर्क मिळेल त्या पहिल्या जागी थांबून, घरी फोन करायचा आणि त्या कागदावर सर्वांत खाली “पोहोचले” असे लिहायला सांगायचे.